स्वमग्न मुलांची-माणसांची 'चेष्टा' : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुळे_सोलापूर
माझा भाचा स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. त्याला कोणी मारलं तर वळ दिसतो आणि आम्ही जाऊन भांडतो. पण शाळेत, गल्लीत, लग्नकार्यात रोज जे चालतं त्याला सगळे 'चेष्टा' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. त्यासाठी हा धागा.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. मेंदूची घडणच लहानपणापासून वेगळी असते. कुणाला आवाज, उजेड, स्पर्श सहन होत नाही, कुणाला बोलण्यातली खोच कळत नाही. आईने लक्ष दिलं नाही म्हणून हे होत नाही, लसीमुळेही नाही. लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० साली मागे घेतला गेला, तरी आमच्या नात्यात अजून तेच ऐकवतात. ज्यांच्या घरी असं कोणी आहे किंवा जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी लिहावं. शाळेचं, माणसाचं नाव मात्र नको.

होटगी_रोडची_आई
माझा मुलगा सातवीत आहे. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, रोज तेच. दुसरं काही तो तोंडात घेत नाही. हट्ट नाही हो तो, दुसऱ्या पदार्थाचा वास आला तरी त्याला उमासे येतात. वर्गातल्या पोरांना हे कळलं. "तू आमचा दोस्त ना बे? मग डबा दे." हा देऊन टाकायचा. दोस्त म्हटलं म्हणजे दोस्तच, त्यामागे काही असेल हे त्याला सुचत नाही. घरी आला की पाणी पिऊन आडवा व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "आज पण दोस्ती झाली." तक्रार कशी करणार तो?

पुढे त्याला वाक्यं पढवायला लागले. "बाईंना जाऊन असं म्हण, त्यांना आवडतं." हा जाऊन जसंच्या तसं म्हणायचा. वर्ग हसायचा आणि शिक्षा याला. शाळेत गेले तर उत्तर मिळालं, "पोरं चेष्टा करालेत ओ ताई, एवढं काय मनावर घेता? तुम्हीच त्याला जरा धीट करा." मी गेटपाशी येऊन रडले.

यंदा वर्गशिक्षिका बदलल्या. त्यांनी मला विचारून, तो घरी असताना, एक तास फक्त यावरच बोलायला ठेवला. तो कान का झाकतो, हात का फडफडवतो, त्याला फसवणं सोपं का आहे, हे मुलांना सरळ सांगितलं. त्रास देणारे दोघं-तिघंच होते. बाकीचा वर्ग हसायचा थांबला, तसा त्यांचाही जोर गेला. डबा आता रिकामा येतो आणि त्यानेच खाल्लेला असतो.

पूर्व_भाग
आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू. भाऊ यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरतो. लोकांना नवल वाटतं की मागाची खटखट त्याला चालते आणि मिरवणुकीचा डीजे चालत नाही. खटखट एका लयीत असते, पुढे काय येणार ते त्याला माहीत असतं. कामात त्याची चूक निघत नाही. तरी नाव पडलं 'पिच्चोडु', म्हणजे तेलुगूत वेडा. चहाच्या टपरीवर कुणीतरी मागून त्याच्या कानाशी शिट्टी वाजवली. तो खाली बसून डोकं धरून पुढेमागे झुलायला लागला आणि त्याचा व्हिडिओ निघाला. संध्याकाळपर्यंत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, खाली हसण्याचे इमोजी. काढणारा एकच होता, पण पुढे पाठवणाऱ्यांत भावाला कडेवर खेळवलेली माणसंही होती. मला जास्त राग त्यांचा आला, अजून आहे.

रिक्षावाले_काका
शाळेची पोरं सोडतो. एक लेकरू असंच आहे. बाकीची त्याच्या कानाशी वेफर्सची पाकिटं फोडायची. त्याला पुढं माझ्याशेजारच्या कडेला घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, त्याचं कान आपल्यापेक्षा तिखट हाय. ऐकली पोरं. सांगणारंच कोणी नव्हतं त्यांना.

शांत_कोपरा
मी स्वतः स्वमग्न आहे. नोकरी करते. निदान झालं ते वयाच्या तिशीजवळ. तोवर 'शिष्ट', 'रोबो', 'तुसडी' सगळं ऐकून झालं होतं. मुलींचं निदान पुष्कळदा उशिरा होतं, कारण आम्ही इतरांची नक्कल करून निभावतो. त्या नकलेनं संध्याकाळपर्यंत अंगात त्राण उरत नाही.

ऑफिसात माझ्या टेबलावरच्या वस्तू मुद्दाम हलवून ठेवतात आणि मी त्या जागेवर लावताना बघत बसतात. निदान सांगितल्यावर काहीजण 'बिचारी' म्हणू लागले. मला तेही नको. वस्तू हलवू नका, काम लेखी द्या, मी बोलताना खाली पाहिलं तर खोटं बोलते असं समजू नका. एवढंच मागते. गड्ड्याच्या यात्रेला मीही जाते, दुपारी, पाळणे सुरू होण्याआधी. माझ्यासोबत येणारी एक मैत्रीण आहे, ती वाटेत उगाच बोलत नाही.

सात_रस्ता
@पूर्व_भाग, तो व्हिडिओ आणि ग्रुपवरचे मेसेज पुसू नका, तारखेसकट जपून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला किंवा तिला धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पोलीस ठाण्यात "नुसती चेष्टा आहे" म्हणाले तर हे कलम लिहूनच अर्ज द्या आणि पोच घ्या. भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. अडलं तर इथेच लिहा, मी माझ्या मुलीचं काढलं आहे.