मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) वर्गात समजतं आणि पेपरात गायब होतं, शिकवायची पद्धत बदलू का?

वक्रतुंड_मागणी:
पहिल्या वर्षाला मायक्रो शिकवते. मागणी-पुरवठा झाला, लवचिकता (भाव बदलला की मागणी-पुरवठा किती बदलतो) झाली, समजलं का विचारलं की सगळे माना डोलावतात, आणि चाचणीत "प्रिंटर महागले तर प्रिंटरच्या मागणी वक्राचं काय होईल" याला निम्म्याहून जास्त मुलांनी तो वक्र, म्हणजे कुठल्या भावाला किती मागणी ती रेषा, खुशाल डावीकडे सरकवला! अरे तो जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर वर जातो, रंगीत खडूने काढून दाखवलेलं सगळं. व्याख्या मात्र शब्दन् शब्द पाठ. लोक म्हणतात लेक्चर कमी करा, गेम घ्या, ग्रुपवर्क द्या. त्याने मार्कांत खरंच फरक पडतो की नुसती धमाल? आणि पोर्शन कोण संपवणार?

सीमांत_माणूस:
फरक पडतो. 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून बघितले होते, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायचं प्रमाण सुमारे 34 टक्के आणि मुलांना वर्गातच काहीतरी करायला लावलं तिथे 22 च्या आसपास. पण ते विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगचे वर्ग होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा अर्थशास्त्राला लावू नका.
तुमच्या प्रिंटरच्या प्रश्नासाठी गेमबिम काही नको. शिकवायच्या आधीच तो प्रश्न टाका, प्रत्येकाला उत्तर कागदावर लिहायला लावा, मग शेजारच्याशी वाद घालू दे, मग परत मत घ्या. आधी लिहून अडकल्याशिवाय कोणी नीट ऐकत नाही हो.

जुना_खडू:
मी लेक्चरवालाच, सुधारणार नाही 😄 पण गंमत सांगतो. 2005 मध्ये छापून आलेला एक सर्व्हे होता. गायक क्लॅप्टनच्या शोचं फुकट तिकीट मिळालंय, ते विकता येत नाही, त्याच रात्री दुसरा गायक डिलन याचा शो आहे, तिकीट 40 डॉलर आणि तुम्ही फार तर 50 द्याल, तर क्लॅप्टनला जायची ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे त्यापायी सोडलेल्या दुसऱ्या पर्यायाचा फायदा, किती? उत्तर 10, म्हणजे 50 वजा 40. जवळपास 200 अर्थतज्ज्ञांना विचारलं तर बरोबर आले फक्त 22 टक्के, मग पोरांना काय बोलायचं! नंतर काहींनी म्हटलं की प्रश्नच संदिग्ध आहे, तो वाद वेगळा.

सीमांत_माणूस:
@जुना_खडू सर, म्हणूनच तर म्हणतोय, व्याख्या येणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं.

बोली_लावा:
गेम घ्यायचा तर एकच घ्या, डबल ऑक्शन, म्हणजे ग्राहक आणि विक्रेते दोघंही भाव पुकारतात तो लिलाव. अर्थतज्ज्ञ चेंबरलिनने 1948 मध्ये वर्गातल्या बाजाराचा प्रयोग छापला तेव्हा भाव समतोलाला (मागणी आणि पुरवठा जुळतात तिथे) जाईनात, त्याच्याच वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथने पुढे उघड बोली आणि त्याच फेऱ्या पुन्हा पुन्हा असं केलं तर भाव बरोबर तिथे येऊन बसला. स्मिथला 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांच्या कामावर.
ग्राहकांना 10, 9, 8, 7, 6, 5 ची कार्डं आणि विक्रेत्यांना 3, 4, 5, 6, 7, 8 ची, ग्राहकाने कार्डापेक्षा महाग घ्यायचं नाही, विक्रेत्याने स्वस्त विकायचं नाही. दोन-तीन फेऱ्यांत भाव 6-7 मध्ये घुटमळतो, सौदे 4 च्या आसपास. मग तीच कार्डं उतरत्या-चढत्या क्रमाने फळ्यावर लावा, वक्र तयार, आणि तो पोरांच्याच हातातून आलेला असतो.

वक्रतुंड_मागणी:
हे भारीये! पण अख्खा तास जाणार ना यात?

बोली_लावा:
जातो की. पण कराचा धडा त्यातच उरकून टाका, दर सौद्याला 2 कर, एका फेरीत विक्रेत्यावर, पुढच्या फेरीत ग्राहकावर. दोन्ही वेळा हिशोबाने सौदे 3 वर येतात आणि ग्राहकाच्या खिशातून जातात 7-8च. कर कोणावर लावला याने काही बदलत नाही हे बोर्डवर पटवायला किती वेळ लागतो ते तुम्हीच बघा.

जुना_खडू:
खेळ झाल्यावर त्याच तासाला दोन प्रश्न लिहून घ्या मात्र. नाहीतर कोणी किती नफा कमावला तेवढंच पोरांच्या लक्षात राहतं.