सारंगखेड्याची नजर महालक्ष्मीवर चालते का? डर्बीआधी तरणे घोडे कसे पारखायचे

तापीकाठ, शहादा

बठ्ठ्यांना राम राम. आमच्या भागात घोडा म्हटलं की मारवाडी, काठेवाडी, नुकरा. दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेत भोवरे, कान, दात, रेवाल चाल बघून सौदा होतो, आणि ते बघायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण फेब्रुवारीत घरातले तिघे-चौघे मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही मोठी शर्यत बघायला निघालो आहोत, थोडे पैसेही लावायचे आहेत. तिथले घोडे थरोब्रेड (खास शर्यतीची जात), सगळे चार वर्षांचे, सगळेच चकाकणारे. पॅडॉकच्या (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाच्या) कठड्याबाहेर उभं राहून नेमकं काय बघायचं? पेपरात सकाळच्या सरावाचे जे आकडे येतात (१०००/१-५, ६००/३८ असे), ते कसे वाचायचे? आणि बुकी बरा की टोट (रेसकोर्सची सामाईक पैजेची खिडकी)? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

धुळ्याचा पशुवैद्य

दादा, भोवरे आणि रंग आधी बाजूला ठेवा. देवमण (शुभ मानलेला भोवरा) असला की बाजारात भाव चढतो, पंचकल्याण (चार पाय आणि तोंड पांढरं असलेला) मिरवणुकीत शोभतो, पण थरोब्रेडच्या वेगाशी दोन्हींचा काही संबंध नाही. रेवाल चाल स्वाराला हलू देत नाही म्हणून आपल्याकडे तिचं कौतुक. शर्यत असते चौखूर धावण्याची. तिथे साधी पावलाची चाल बघा: मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या किती पुढे पडतो? चांगला वीतभर पुढे पडत असेल आणि पाऊल सैल, न अडखळता येत असेल तर मागच्या भागाची ताकद पुढे पोचते आहे.

तुमची पाय चाचपायची सवय मात्र सोन्यासारखी आहे. अडचण एवढीच की पॅडॉकमध्ये हात लावता येत नाही. जे हाताने कळतं ते डोळ्याने ओळखावं लागतं.

सुरुवात पुढच्या पायांपासून करा. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि धावताना एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो. घोडा समोरून येताना खांद्यापासून खुरापर्यंत मनातल्या मनात ओळंबा सोडा. तो गुडघा, नळी (गुडघ्याखालचं लांब हाड), घोटा या सगळ्यांच्या मधून जायला हवा. नळी गुडघ्याच्या मधोमध न बसता बाहेर सरकलेली असेल तर आतल्या बाजूच्या बारीक हाडावर ताण येतो आणि तिथे गाठ धरते, बाजारात जिला बेरहड्डी म्हणतात. चार वर्षांच्या घोड्यात ही गाठ जुनी, थंड आणि गुडघ्यापासून लांब असेल तर फारशी चिंता करू नका. गुडघ्याला लागून असेल तर करा.

आता बाजूने बघा. गुडघा पुढे झुकलेला असेल तर दिसायला वाईट, पण बरेच घोडे त्यावर आयुष्यभर पळतात. गुडघा मागे गेलेला असेल तर मात्र मी त्या घोड्यावर २४०० मीटरला पैसे लावणार नाही. थकल्यावर असा गुडघा आणखी मागे दाबला जातो, सांध्यातल्या लहान हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि तिथे कपच्या उडतात. हे बहुधा शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात होतं, कारण तोवर स्नायू थकलेले असतात.

नळीच्या मागची रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ हवी. मधेच बाहेर फुगवटा दिसला तर तिथली शीर (स्नायू हाडाला जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) पूर्वी दुखावलेली आहे. ही शीर भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरल्यावरही मूळची लवचीकता येत नाही. पुढच्या पायांना पट्ट्या असतील तर ही रेघ दिसतच नाही. अशा वेळी रेसकार्डमधल्या (शर्यतीच्या दिवसाच्या माहितीपुस्तिकेतल्या) तारखा बघा. मधे सात-आठ महिने घोडा पळालेलाच नसेल तर त्याला काहीतरी कारण असतं.

घोट्यापासून खुरापर्यंतचा तिरका भाग जमिनीशी साधारण ४५ ते ५० अंशांत हवा. फार उभा असेल तर धक्का थेट वर जातो, फार आडवा आणि लांब असेल तर मागच्या शिरांवर भार येतो. दोन्ही पुढचे खूर एका मापाचे आहेत का तेही बघा. एक खूर अरुंद आणि उंच असेल तर त्या पायावर घोडा बराच काळ कमी भार टाकत आला असण्याची शक्यता असते.

वयाबद्दल थोडं. आपल्याकडे रेसच्या घोड्याचं वय १ जानेवारीला वाढतं. जानेवारीत जन्मलेलं आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. दोन वर्षांच्या घोड्यांत हा चार महिन्यांचा फरक मोठा असतो. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ सव्वादोन वर्षांच्या आसपास पुरी होते, त्याआधी जोराचा सराव झाला की नळीचा पुढचा भाग सुजून दुखतो. शिवाय दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडतात. त्या दिवसांत हिरडी हुळहुळी असते, घोडा लगामावर डोकं झटकतो, चारा कमी खातो आणि उगाच वाईट पळतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली एखादी हार बघून घोडा खोडू नका. मे महिन्यातलं शिंगरू चौथ्या वर्षात जानेवारीवाल्याला गाठतं, आणि लोकांच्या डोक्यात अजून जुनीच हार असते. पैसे लावण्यासारखी जागा बऱ्याचदा तिथेच सापडते.

भुसावळ जंक्शन

डॉक्टरसाहेबांनी पाय सांगितले, मी आकडे सांगतो.

१०००/१-५, ६००/३८ म्हणजे १००० मीटर एक मिनिट पाच सेकंदांत, त्यातले शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत. पहिल्या ४०० मीटरला उरले २७ सेकंद. दर २०० मीटरला सुरुवातीला साडेतेरा सेकंद आणि नंतर पावणेतेराच्या आत. घोडा शेवटाकडे वेग वाढवत गेला. आता दुसरा घोडा घ्या: १०००/१-५, ६००/४०. एकूण वेळ तीच, पण याने पहिले ४०० मीटर २५ सेकंदांत काढले आणि मग ढिला पडला. डर्बीला मी पहिला घोडा घेईन. नुसता १-५ वाचणाऱ्याला दोघे सारखेच वाटतात.

आकड्यांपुढची टीप त्याहून महत्त्वाची. 'ईझी', 'मूव्ह्ड फ्रीली' म्हणजे स्वाराने काही मागितलं नाही. 'पुश्ड' किंवा 'अर्ज्ड' म्हणजे मागून घेतलं. ईझीतले ३९ सेकंद पुश्डमधल्या ३८ पेक्षा मोलाचे. ट्रॅक कोणता (आतली वाळू की बाहेरची), वर शर्यतीचा जॉकी होता की सरावाचा स्वार, हेही बघा. स्वाराच्या वजनात पाच-सात किलोंचा फरक सहज असतो. डर्बीआधीच्या शेवटच्या आठवड्यात फार जोरदार वेळ दिसली तर मला ती खटकते. तोवर मुख्य मेहनत होऊन गेलेली असायला हवी.

खरी परीक्षा मात्र अंतराची. डर्बी २४०० मीटरची, आणि त्याआधी डिसेंबरात होणाऱ्या दोन्ही गिनी शर्यती (वन थाउजंड फक्त माद्यांची, टू थाउजंड नर-मादी दोघांसाठी) १६०० मीटरच्या. मधले ८०० मीटर बहुतेक घोड्यांसाठी अनोळखी असतात. म्हणून गिनीचा निकाल नुसत्या नंबरावर वाचू नका, शर्यत कशी धावली गेली ते बघा. समजा एकूण वेळ ९७ सेकंद, पहिले ८०० मीटर ५१ सेकंदांत गेले आणि शेवटचे ४६ सेकंदांत. म्हणजे पुढच्यांनी शर्यत आरामात नेली, त्यांच्यात दम शिल्लक होता. अशा शर्यतीत मागून येऊन तिसरा आलेला घोडा दिसतो त्याहून चांगला. उलट पहिले ८०० मीटर ४७ सेकंदांत गेले तर पुढचे सगळे मरगळतात आणि मागून येणारा फुकट हिरो ठरतो. त्याच्यावर डर्बीत भाव कमी मिळतो आणि तो निराश करतो.

वंशही बघा, पण बाप एकट्याने नाही. आईची आधीची पिल्लं किती अंतरावर जिंकली ते रेकॉर्डमध्ये मिळतं. सगळी १२०० मीटरची असतील तर २४०० साठी मोठा प्रश्न उभा राहतो.

डर्बीत हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादणं) नसतो, वजनं ठरलेली असतात आणि मादीला दीड किलोची सवलत असते. या अंतरावर दीड किलो म्हणजे ढोबळमानाने दोन लेंथ (घोड्याच्या दोन लांब्या). तेव्हा गिनीत नरांशी झुंजलेली, शांत स्वभावाची मादी हलक्यात घेऊ नका. १९४३ ची पहिलीच इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या मादीने जिंकली होती.

तापीकाठ, शहादा

डॉक्टरसाहेब, भुसावळकर, खूप आभार. ६०० मीटरचा हिशेब आज पहिल्यांदा उमगला. घामाचं काय? आपल्याकडे घोडा घामेजला की लोक म्हणतात तापलाय, आता पळेल.

धुळ्याचा पशुवैद्य

घाम कुठे आहे ते बघा. मानेवर, लगामाखाली थोडा ओलावा असेल तर मुंबईच्या दमट हवेत तो साहजिक. मागच्या दोन मांड्यांच्या मधे पांढरा फेस, कमरेवरून ओघळ, सारखी शेपूट झटकणं, वारंवार लीद, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं हे सगळं एकत्र आलं तर घोडा पळण्याआधीच शक्ती घालवतोय. १००० मीटरला ते एक वेळ निभतं, २४०० ला नाही. पण त्याच घोड्याची सवयच तशी असेल आणि तो तसाच जिंकत आला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून मागच्या शर्यतींचे व्हिडिओ बघून जा.

अंगाचं म्हणाल तर शेवटच्या एक-दोन बरगड्या पुसट दिसायला हव्यात. अजिबात दिसत नसतील तर तयारी अपुरी. मागून बघितल्यावर मांडीचे स्नायू भरलेले आणि दोन्ही बाजूंना सारखे हवेत. कोख (बरगड्यांमागची बाजू) आत ओढलेली, केस रुक्ष आणि उभे असतील तर प्रवासात किंवा सरावात खचलाय. बंगळुरू, हैदराबादहून आलेल्या घोड्यांत हे मुद्दाम तपासा.

एरंडोलचा हिशेबनीस

आता पैशांचं, कारण चांगला घोडा ओळखूनही लोक इथेच हरतात.

भाव म्हणजे टक्केवारी. ३ ला १ म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर तीन नफा आणि लावलेला एक परत. १ ला १ म्हणजे ५० टक्के, ३ ला १ म्हणजे २५, ९ ला १ म्हणजे १०, १९ ला १ म्हणजे ५. समजा सात घोड्यांचे भाव १, ३, ५, ९ आणि तिघांचे १९ आहेत. बेरीज करा: ५०, २५, १६.७, १०, आणि तीनदा ५. येते ११६.७. शंभराच्या वरचे १६.७ ही बुकीची मलई. बेरीज जितकी जास्त तितका सौदा तुमच्या तोट्याचा.

त्यावर कर. सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या पैजेवर जीएसटी ४० टक्के आहे, आणि तो पूर्ण पैजेच्या रकमेवर लागतो, तुमच्या नफ्यावर नाही. १०० च्या पैजेला वर ४० मोजले असं धरा. १ ला १ च्या घोड्यावर जिंकलात तर हातात २०० येतात, खिशातून गेले १४०. नुसती बरोबरी साधायला तो घोडा शंभरातून सत्तर वेळा जिंकायला हवा. ३ ला १ ला पस्तीस वेळा. म्हणून फेव्हरिटवर (सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर) डोळे झाकून लावणं हा सगळ्यात महाग शौक आहे. घरून निघतानाच प्रत्येक घोड्यापुढे स्वतःची टक्केवारी लिहा, आणि मिळणारा भाव कर धरूनही परवडला तरच तिकीट घ्या. परवडत नसेल तर शर्यत नुसती बघा.

एका व्यवहारात १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापतात. आणि आज हरलेले पैसे उद्याच्या जिंकलेल्यातून वजा दाखवता येत नाहीत.

बुकीकडे तिकीट घेतलं त्या क्षणीचा भाव पक्का. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, वाटप शेवटी ठरतं, त्यामुळे खिडकीवर दिसणारा आकडा शर्यत सुटेपर्यंत बदलतो. क्विनेला म्हणजे पहिले दोन कोणत्याही क्रमाने, फोरकास्ट म्हणजे नेमक्या क्रमाने, टनाला म्हणजे पहिले तीन नेमक्या क्रमाने. चार घोडे घेऊन टनालाचे सगळे क्रम भरायचे तर २४ ओळी होतात. ओळीला १० रुपये धरले तर २४०, आणि त्यातल्या २३ ओळी हमखास वाया. नवख्याने विन (पहिला येणं) आणि प्लेस (पहिल्या काहींत येणं) यांवरच राहावं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. धुळे-जळगावात फोनवर पैजा घेणारे आहेत, ते कर लागत नाही म्हणून ओढतात. परवाना नसलेल्या बुकीकडची पैज कायद्याने चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली, त्या निकालाचा आडोसा फोनवरच्या बुकीला मिळत नाही. जिंकल्यावर त्याने पैसे दिले नाहीत तर तुम्ही दादही मागू शकत नाही. आणि कापूस-केळीचा पैसा वेगळ्या पाकिटात घरीच ठेवून जा. त्या दिवशी किती हरायचं ते आधी ठरवा, तेवढीच रोकड न्या, एटीएम कार्ड नेऊ नका.

भुसावळ जंक्शन

हिशेबनीसांना एक जोड: पॅडॉकमध्ये घोडे फिरेपर्यंत तिकीट घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच दिसतं. रेसकार्डवर ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूंची झापडं) किंवा जिभेचा पट्टा पहिल्यांदा लावलाय का तेही बघा. जिभेचा पट्टा बहुधा श्वासाच्या तक्रारीसाठी असतो. पॅडॉकनंतर घोडे ट्रॅकवर सुटण्याच्या जागेकडे हलक्या दौडीने जातात, तिथे पुढचा पाय जमिनीला आखडून टेकवणारा घोडा दिसला तर त्याचं नाव यादीतून खोडा.

तापीकाठ, शहादा

दोन पानांवर सगळं उतरवून घेतलं. गिनीचे व्हिडिओ काढून ८००-८०० मीटरच्या वेळा मोजतो आणि इथेच टाकतो. डॉक्टरसाहेब, गुडघा मागे गेलेला वाटला तर फोटो टाकला तर चालेल का?

धुळ्याचा पशुवैद्य

टाका. पण फोटो घोड्याच्या बरोबर बाजूने, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून आणि तो पाय सरळ भार घेऊन उभा असताना काढलेला हवा. वरून किंवा तिरका काढलेल्या फोटोत चांगला गुडघाही मागे गेलेला दिसतो.