शाळेच्या ऑर्केस्ट्रातल्या म्युझिकबद्दल टीचरशी बोलावं का?

व्हायोलाची_आई
आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी सातवीत आहे, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ) वाजवते. विंटर कॉन्सर्टची यादी आली आणि दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे स्टीफन फॉस्टर या जुन्या अमेरिकन गीतकाराच्या गाण्यांची मेडली. त्यात १८५० चं 'कॅम्पटाउन रेसेस' आहे, म्हणजे गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करायचे त्या मिन्स्ट्रेल शोसाठी लिहिलेलं, आणि हिच्या शेजारी एकाच स्टँडवर वाजवणारी मुलगी ब्लॅक आहे. दुसरा एक 'इंडियन' पीस, पुंगीछाप, आणि टीचर सगळ्यांसमोर हिला म्हणाल्या की हा खास तुझ्यासाठी घेतलाय! तेव्हापासून ती गप्पगप्प आहे. टीचर खरंच प्रेमळ आहेत हो, म्हणूनच कसं बोलावं ते कळत नाहीये.

सेलोवाला
नक्की बोला, पण थेट टीचरशीच, प्रिन्सिपलला सीसी नको. मी टेक्सासमध्ये मिडल स्कूलला ऑर्केस्ट्रा शिकवतो. पीस निवडताना आम्ही आधी बघतो की ग्रेड म्हणजे अवघडपणाची पातळी झेपेल का, व्हायोलाला काही करायला आहे का, लायब्ररीत नोट्सचा सेट आहे का, आणि इतिहास बघायचा बरेचदा राहूनच जातो. वाजवताना शब्द नसतात मग फॉस्टर चालतो असं म्हणणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही, मुलं घरी जाऊन यूट्यूबवर शब्द ऐकतातच.
आणि ज्यावर कोणीच बोलत नाही ते म्हणजे स्पर्धेत रेटिंग मिळावं म्हणून झेपणार नाही असा पीस घ्यायचा आणि कच्च्या मुलांना सांगायचं की अवघड जागी बो (गज) तारेला न टेकवता नुसता हलव. बारा वर्षांच्या पोराला आईबापांसमोर वाजवायचं नाटक करायला लावणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

धैवत_पुणे
थोडं वेगळं मत. तो पुंगीछाप वाटणारा भाग म्हणजे बहुतेक कोमल रे वरून शुद्ध ग, तो तर आपल्या भैरवातही आहे, त्यामुळे सुरांत अपमान नाही. पण भैरवात रे आणि ध आंदोलित असतात, म्हणजे हळुवार झुलवतात, ते काही न करता नुसतं वरखाली केलं की फक्त वेष उरतो. टीचरना नुसती तक्रार नको, पर्याय पण द्या. भूप राग सुचवा. डी ला सा धरा, व्हायोलिन, व्हायोला, सेलो, बेस चौघांकडेही डी आणि ए या मोकळ्या तारा आहेत म्हणजे षड्ज-पंचम आयता मिळतो, आणि बोटं डी मेजरचीच, जी मुलं अगदी सुरुवातीला शिकतात.

न्यूजर्सीकर
पीस कोणाचा आहे तेही बघा. २०१९ मध्ये उघडकीला आलं की शाळांमध्ये वाजणारं 'केइको यामाडा' या जपानी बाईच्या नावाचं म्युझिक एका अमेरिकन पुरुषाने लिहिलेलं होतं, प्रकाशकाने मग ते बंद केलं.
आणि कायद्याची भाषा टाळा. आपल्याच न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज-मेपलवुडमध्ये शाळेच्या कॉन्सर्टमधून नाताळची धार्मिक गाणी काढली म्हणून केस झाली होती, २००९ ला अपील कोर्टाने स्कूल डिस्ट्रिक्टच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे काय वाजवायचं यात शाळेला बरीच मोकळीक आहे, बोलूनच काम होईल. पण लेकीला विचारल्याशिवाय काही पाठवू नका, उद्या वर्गात तिला बसायचंय.

व्हायोलाची_आई
विचारलं. म्हणाली, फॉस्टरचं तू लिही, इंडियन पीसचं मी स्वतः सांगते, फक्त आधी मला भूप वाजवून बघू दे. धैवत, तिला झेपेल अशी एखादी सोपी बंदिश सुचवाल का?