मदत हवी आहे: गुलमर्ग की औली?

राम राम मंडळी. आम्ही भुसावळचे, मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणारे. बर्फ पाहिलाय तो फक्त रसवंतीवर! फेब्रुवारीत मी, सौ., दोन पोरं (९ आणि १३ वर्षं) आणि ६४ वर्षांची आई असे निघतोय. पोरांना स्कीइंग शिकायचंच आहे.

गुलमर्गसाठी झेलम एक्स्प्रेस इथूनच थेट जम्मूला जाते, ही मोठी सोय. पण तिथल्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवटला ३९०० मीटरच्या आसपास नेतो आणि आईला दम्याचा त्रास. तिला खाली पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीलाच थांबवलं तर चालेल का? उत्तराखंडातल्या औलीचे उतार नवशिक्यांना बरे म्हणतात. पण ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर घाटरस्ता, आणि मोठ्याला आपल्या कन्नड घाटातही उलटी होते. शिवाय २०२३ला जोशीमठात जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद केला होता, तो सुरू झालाय का?

लहान पोरं घेऊन कोणी गेलंय का भाऊ? बूट, स्की भाड्याने नि शिकवणारा धरून दिवसाला किती पडतात?

आणि हो, आई कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ सोबत घेणारच. हॉटेलवाले भाकरी थापू देतात का?