डाऊनीला औषधाची सवय लागते का?

तासगावचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी. थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे, ऑक्टोबर छाटणी, पोंगा (कोवळा फुटवा) फुटला तसा पाऊस लागला आणि डाऊनीनं, म्हणजे पानामागं पांढरी बुरशी येते त्या रोगानं, धरलंय. आधी ज्या औषधाच्या एका फवारणीत बाग स्वच्छ व्हायची तेच आता मारलं तरी चार दिवसांत पानामागं परत पांढरं. दुकानदार म्हणतो बुरशीला सवय लागली, डोस दीडपट करा. सवय म्हणजे नक्की काय हो, आपल्याला तंबाखूची लागते तशी?

मिरजेचा_मास्तर:
सवय बिवय काय नाही दादा. बुरशीचा एकटा बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, काही शिकत नाही, तो मरतो नाहीतर जगतो, बदलते ती बागेतली त्यांची सगळी जमात. स्ट्रोबिल्युरिन गटाच्या बुरशीनाशकांचंच घ्या, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन वगैरे, १९९६ च्या सुमारास बाजारात आली. ती डाऊनीच्या ऊर्जा बनवणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतात. आता कोट्यवधी बीजाणूंत एखाद्याच्या त्या प्रथिनात १४३ व्या जागेवर ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आलेलं असतं, नुसता योगायोग, तुम्ही फवारायच्या आधीपासूनच. त्याला औषध चिकटतच नाही. बाकीचे मेले की पानावर त्याचंच राज्य, आणि हवामान जमलं तर आठवड्याच्या आत पुढची पिढी, तीही तशीच. परत तेच मारलं की परत तीच निवड. असल्या डाऊनीवर दीडपट डोसनं फक्त रेसिड्यू, म्हणजे मालात उरणारा औषधाचा अंश, वाढणार, एक्सपोर्टचा माल असेल तर विसराच.

पलूसकर:
एवढं शास्त्र कशाला मास्तर, निम्मी औषधं डुप्लिकेट असत्यात

मिरजेचा_मास्तर:
डुप्लिकेट असतात, नाही कुठं म्हणतोय. पण पक्क्या बिलाचं, चांगल्या कंपनीचं मारूनही हटत नसेल तर? आणि लोक ब्रँड बदलतात, आतलं टेक्निकल, म्हणजे मूळ औषध, तेच राहतं! लेबलवर गट बघा, गट बदलला पाहिजे. मॅन्कोझेब हे जुनं बुरशीनाशक इतकी वर्षं चालतंय कारण ते एकदम बऱ्याच ठिकाणी घाव घालतं, एका बदलानं त्यातून सुटका नाही. फक्त ते कॉन्टॅक्ट आहे, म्हणजे पानाच्या वरच राहतं, रोग आत शिरायच्या आधी पानावर पाहिजे.

कराड_बीएस्सी:
सर मग वेल का नाही बदलत? तिच्यातही प्रतिकार यायला पाहिजे ना इतक्या वर्षांत

मिरजेचा_मास्तर:
भारी प्रश्न. यायला पिढ्या तरी झाल्या पाहिजेत की. आपण डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसनची काडी कलम करतो, म्हणजे तीच वेल पुढं चालू, बी नाही, सरमिसळ नाही. मधूनच एखाद्या फांदीत बदल होतो, पण तो ठेवायचा का नाही हे माणूस मण्याकडं बघून ठरवतो. तास-ए-गणेश ही जात तशीच थॉम्पसनमधून तुमच्या तासगाव भागात निवडलेली. डाऊनीला कोण दाद देत नाही हे कुणी बघितलंच नाही. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षांचं उलट आहे, डाऊनी मूळ तिकडचीच, ज्या वेली टिकल्या त्यांचंच बी पुढं गेलं, म्हणून त्यातल्या बऱ्याच जाती तिला दाद देत नाहीत. आपली द्राक्षं युरोप-आशियातल्या जातीची, तिथं डाऊनी फ्रान्समध्ये १८७८ ला पोचली. तोवर गाठच पडली नव्हती दोघांची.

तासगावचा_बागायतदार:
मग त्या अमेरिकन जातीशी संकर करून खायची द्राक्षं नाही का करता येणार?

मिरजेचा_मास्तर:
करतात की, चाललंय ते काम. पण प्रतिकाराबरोबर तिकडची चवही येते, जाड साल येते, मग परत परत आपल्या जातीशी संकर करत बसायचं, आणि रोपाला फळ दिसायलाच दोन-तीन वर्षं. तोवर डाऊनीच्या किती पिढ्या होतील हिशेब करा.