अनुभव धागा : पाचवा ते सातवा महिना, बाळाची वाढ कशी मोजायची आणि आकडा कुठे फसवतो

पाचव्या महिन्याचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘वजन बरोबर आहे ना?’ रोज हे काम करणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं. काय मोजता, कसं मोजता, चूक कुठे होते?

सोनोग्राफी विभागातून

आधी तारीख पक्की हवी. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून, पाळीच्या तारखेशी ताडून जी प्रसूतीची तारीख ठरते, ती शेवटपर्यंत बदलायची नाही. पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर मशीन त्या दिवशीच्या मापांवरून नवी तारीख छापतं. तीच खरी धरली, तर वाढीत मागे पडलेलं बाळही कागदावर ठीक दिसतं, कारण त्याचं वयच कमी धरलेलं असतं. ही चूक फार महागात पडते.

२० व्या आठवड्याला डोक्याचा घेर साधारण १७५ मिमी, पोटाचा १५०, मांडीचं हाड ३२-३३ मिमी आणि वजन ३०० ते ३५० ग्रॅम. यात पोटाचा घेर सगळ्यात नाजूक. माप ज्या छेदात (पडद्यावरच्या आडव्या कापात) घेता, त्यात जठराचा काळा ठिपका आणि यकृतात वळणारी नाळेची शीर दिसायला हवी. मूत्रपिंडं दिसली तर छेद खाली गेलाय, माप पुन्हा घ्यायचं. बाळ पालथं असेल किंवा प्रोब (पोटावर फिरवायचं उपकरण) दाबला गेला, तर गोल लांबट होतो आणि वजनाचा अंदाज हलतो. तसाही या अंदाजात १०-१५ टक्के फरक धरावाच लागतो. म्हणून दोन मापांत निदान दोन, शक्यतो तीन आठवडे जाऊ द्या. आठवड्यातच पुन्हा मोजलं तर वाढ दिसत नाही, मोजण्यातला फरक दिसतो.

व्यंग शोधणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत उरका. शंका निघाली तर गर्भजल तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. २०२१ च्या सुधारित कायद्याप्रमाणे, गंभीर व्यंगासाठी २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो.

उपकेंद्रातली एएनएम (परिचारिका)

गर्भपिशवीची उंची टेपने मोजण्याआधी आईला लघवी करून यायला सांगा. भरलेल्या मूत्राशयाने गर्भपिशवी दोन-तीन सेंटीमीटर वर दिसते. पिशवी उजवीकडे कललेली असेल तर हाताने मधे आणा. डाव्या तळहाताच्या कडेने वरून खाली चाचपत पिशवीचं टोक शोधा, मग पाय सरळ करून ओटीपोटाखालच्या हाडाच्या वरच्या कडेपासून तिथपर्यंत टेप. आकड्यांची बाजू पोटाकडे ठेवा, नाहीतर आठवडे डोक्यात असतात आणि टेप नकळत तिथेच थांबते.

२४ आठवड्यांपासून जेवढे आठवडे तेवढे सेंटीमीटर, दोन इकडे-तिकडे. शक्यतो दर वेळी एकीनेच मोजावं आणि आकडा तारखेसह माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावा. दोन भेटींत आकडा तिथेच अडला, तर आशाताईंना सोबत देऊन सोनोग्राफीला पाठवा.

प्रसूतितज्ज्ञ

वरच्या ताईंच्या पद्धतीला एक जोड: जुळं, गर्भाशयातल्या गाठी किंवा पोटावर जास्त चरबी असेल तर टेपवर भिस्त नको, थेट सोनोग्राफी. अंदाजे वजन १० व्या पर्सेंटाइलखाली (म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात लहान दहांत) आलं की नाळेच्या रक्तप्रवाहाचा डॉपलर (रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी) करायचा, आईचं बीपी आणि लघवीतलं प्रोटीन त्याच दिवशी बघायचं. ‘जास्त खा, वाढेल’ एवढं सांगून परत पाठवू नये. वारेतून रक्त कमी जात असेल तर नुसत्या जास्त खाण्याने ते वाढत नाही.

हालचाल पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला त्याआधी. वार पुढच्या बाजूला असेल तर उशिरा. पण २४ पूर्ण झाले आणि काहीच जाणवलं नाही, तर वाट बघू नका, दाखवा.

लॅबमधून

बाळाच्या पोटाचा घेर डोक्याला मागे टाकून पुढे पळायला लागला तर आईच्या साखरेकडे बघा. २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, त्यानंतर झाली तर तशीच पुढे चालू ठेवायची. मधल्या दोन तासांत बसून राहा, चहा-बिस्कीट नको.