मदत हवी आहे: बाबांना तिथून हलवू की नको? (तातडीचं)

अर्धविराम
सरळ मुद्द्यावर येतो. बाबा ज्या नर्सिंग होममध्ये आहेत तिथे त्यांच्याकडे लक्ष दिलं जात नाहीये. पाठीला जखम झालीय, जी मागच्या रविवारी नव्हती. विचारलं की "सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका". हलवावं का? हलवलेल्यांनी अनुभव सांगा. 'नेटवर शोधा' हे कृपया नको, शोधून झालंय. शनिवारपर्यंत ठरवायचं आहे.

निळी_छत्री
नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल की वृद्धाश्रमासारखं काही? लोक दोन्हीला तेच म्हणतात. वय किती, आजार काय, चालतात का, किती दिवस झाले? पोस्टमध्ये यातलं काहीच नाही.

जुनी_खोड
काही विचार करू नका, घरी आणा. आईला आम्ही चार वर्षं घरी सांभाळलं, एक ओरखडा नाही. मधे भोक असलेली हवेची रबरी ट्यूब मिळते, ती कमरेखाली द्या. जखमेला गादी लागतच नाही. आणि दिवसातून दोनदा तेलाने चोळा.

अर्धविराम
हॉस्पिटल नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेतात तसलं केअर सेंटर. वय ७८. तीन महिने झाले.

निळी_छत्री
आजार?

अर्धविराम
पॅरालिसिस, उजवी बाजू. लिहिलं नव्हतं का? सॉरी. स्वतःचे स्वतः कुशीवर वळू शकत नाहीत.

सिस्टर_निवृत्त
तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून बोलते. जुनी_खोड, राग मानू नका, पण ती ट्यूब देऊ नका. तिच्या कडेचा दाब जखमेभोवती गोल बसतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. लाल झालेल्या जागी चोळायचं तर मुळीच नाही, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं.

अर्धविराम, "पाठीला" म्हणजे नेमकं कुठे? माकडहाडावर असेल तर दाबाची जखम, म्हणजे बेडसोअर. नुसती लाली आहे, कातडी सोलवटली आहे की खड्डा पडलाय? लाली असेल तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल होत असेल तर अजून वेळ आहे. लालच राहत असेल तर ती पहिली पायरी झाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतंय का ते बघा. टाचाही बघा, तिकडे कुणी बघत नाही.

आणि दोन प्रश्न. तोंडाने खातात की नाकातून नळी आहे? वजन शेवटचं कधी केलं?

जुनी_खोड
आमच्या आईला ट्यूबनेच बरं वाटलं. पुस्तकी ज्ञान आणि अनुभव यात फरक असतो.

सिस्टर_निवृत्त
तीस वर्षांना पुस्तकी म्हणताय, म्हणा.

हिशेबी_माणूस
या निमित्ताने सगळ्यांना सांगतो. आई-वडील शुद्धीत आहेत तोवर मृत्युपत्र करून घ्या. दोन साक्षीदार लागतात. आमच्याकडे केलं नव्हतं, भावंडं अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

निळी_छत्री
हे इथे कुणी विचारलंय?

हिशेबी_माणूस
कुणी विचारत नाही म्हणूनच तर सांगावं लागतं.

धाकटी_सून
सासूबाई दीड वर्ष अशाच ठिकाणी होत्या. पहिले सहा महिने आम्ही दर रविवारी अकरा वाजता जायचो. अंग पुसलेलं, केस विंचरलेले, चादर कडक. एकदा चुकून बुधवारी संध्याकाळी गेलो तर डायपर इतका भिजलेला की खालची चादर पिवळी. पाण्याचा ग्लास भरलेला, पण त्यांचा हात पोचणार नाही अशा टेबलावर. त्या दिवसापासून वेळ ठरवून जाणं बंद केलं. तुम्ही कधी जाता?

अर्धविराम
रविवारी. आणि कधीतरी मधे.

तोंडानेच भरवतात, पण मऊ करून. वजन माहीत नाही, विचारलं तर "उभे राहत नाहीत तर करणार कसं" म्हणाले. जखम माकडहाडावरच आहे, रुपयाएवढी, वरची कातडी गेलीय. दिवसभर झोपून असतात, हे आधी नव्हतं.

सिस्टर_निवृत्त
मग दुसरी पायरी दिसतेय, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय खात्री नको. डॉक्टरांना दाखवा, शनिवारची वाट बघू नका. उभं न राहणाऱ्याचंही वजन होतं, खुर्चीचा काटा असतो, उचलण्याच्या पट्ट्यावरही होतं. महिन्यात ५ टक्के उतरलं तर गंभीर धरतात. आणि अचानक झोप वाढणं हे 'वय झालं' म्हणून सोडू नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही, नुसता सुस्तपणा किंवा गोंधळलेपणा दिसतो. पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं हीसुद्धा कारणं.

गोळीबंद
झोप म्हटल्यावर मी एकच सांगेन, औषधांचा कागद मागा. रात्री पेशंट ओरडू नये म्हणून गोळी सुरू करतात आणि घरच्यांना सांगत नाहीत. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या मानसिक आजाराच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ सालीच दिलाय.

निळी_छत्री
त्यांना डिमेन्शिया आहे असं कुठे लिहिलंय? उगाच घाबरवू नका.

गोळीबंद
घाबरवत नाही, कागद मागा म्हणतोय. कागदाला कोण घाबरतं?

अर्धविराम
मी घाबरतो. खरं सांगतो. मी जास्त बोललो तर मी निघून आल्यावर राग बाबांवर काढतील. त्यांना बोलताही नीट येत नाही, सांगणार कुणाला?

धाकटी_सून
ही भीती आम्हालाही होती, म्हणून सहा महिने गप्प बसलो. शेवटी मी भांडले नाही, लिहून दिलं. 'अमुक तारखेला अमुक वेळी असं दिसलं, यावर काय करणार ते कळवा', एवढंच. एक प्रत त्यांना, एकीवर पोच घेऊन आमच्याकडे. आवाज चढवला की मावशीला बोलणी बसतात आणि तिचा राग आपल्या माणसावर निघतो. कागद इन्चार्जच्या टेबलावर जातो.

नाइट_ड्यूटी
एरवी नुसता वाचत असतो, आज लिहितो. मी अशाच ठिकाणी अटेंडंट होतो. रात्री आम्ही दोघं आणि सोळा पेशंट, त्यातले बारा न वळणारे. अंगाने भारी माणसाला एकट्याने वळवता येत नाही, ओढलं की कातडी घासून निघते, म्हणून दोघं लागतो. एकाला पाच मिनिटं धरा, बाराचा एक तास. म्हणजे दर दोन तासांतला एक तास नुसती कूस बदलण्यात. मग डायपर, उलट्या, कुणी पडलं, कुणी नळी ओढली. होतच नाही हो. आणि सकाळी कूस बदलल्याच्या नोंदींचा चार्ट मात्र पूर्ण लागतो. मग काय होतं ते तुम्हीच समजा.

राग आमच्यावर काढू नका. विचारायचं तर हे विचारा की रात्री माणसं किती आणि पेशंट किती.

सिस्टर_निवृत्त
नाइट_ड्यूटी, पटलं. मीसुद्धा तशा रात्री काढल्यात. पण कूस बदलल्याशिवाय जखम भरत नाही, हेही तितकंच खरं.

अर्धविराम
चार्ट असतो?

सिस्टर_निवृत्त
असायला हवा. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला असतो नाहीतर फाइलमध्ये.

जुनी_खोड
एअर बेड असला की चार्टबिर्ट लागत नाही. वॉटर बेड घेऊ नका, फुटतो.

सिस्टर_निवृत्त
एअर बेड असला तरी कूस बदलावी लागते! गादीच्या खाली माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून बघा. हाड हाताला टेकलं तर गादीत हवा नाही, मोटार बंद असेल किंवा नळी निघाली असेल. टाचांसाठी उशी पोटरीखाली द्या, टाच हवेत राहिली पाहिजे. आणि कुशीवर पूर्ण आडवं नाही, थोडं तिरकं, ३० अंशांपर्यंत. पूर्ण आडवं केलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं.

अर्धविराम
आज न सांगता गेलो होतो. साडेतीन वाजता. बाबा उताणे. चार्ट मिळाला, पलंगाखाली पडला होता. दोनच्या रकान्यात 'डावी कूस', सही. चारला 'उजवी कूस', सही. सहाला 'उताणे', सही. वाजले होते साडेतीन. तिन्ही सह्या एकाच पेनाच्या, शाईसुद्धा एकाच ठिकाणी फिकी झालेली.

फोटो काढला. कुणाला काही बोललो नाही, हात थरथरत होता.

निळी_छत्री
बाप रे.

गोळीबंद
आता शनिवारपर्यंत कशाला थांबताय? तो शनिवार काय आहे ते अजूनही सांगितलं नाहीत.

अर्धविराम
दुसऱ्या एका ठिकाणी एक बेड रिकामा आहे, तो शनिवारपर्यंत ठेवतो म्हणालेत. ताई म्हणते घरी आण. घरी मी एकटा, दिवसभर कामावर.

धाकटी_सून
हे आधी सांगायचं ना! नव्या ठिकाणी रात्री जाऊन या. दिवसा फरशी आणि पडदे दाखवतात. आत शिरल्यावर वास कसा येतो, बेल वाजली की कुणी किती वेळात येतं, ते बघा. आणि निघताना जखमेची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, तारखेसह फोटो ठेवा. नाहीतर हे म्हणतील जाताना नव्हती आणि ते म्हणतील येतानाच होती.

नाइट_ड्यूटी
तिथेही विचारा, रात्री माणसं किती.

अर्धविराम
तिथे रात्री दहाला गेलो. दोघं जण, नऊ पेशंट. बेल वाजली, मी घड्याळ लावून बसलो होतो, चार मिनिटांत एक मावशी आली. शनिवारी नेतोय. इथल्या डॉक्टरांनी आज जखम बघितली, ड्रेसिंग बदललं, लघवी तपासायला दिलीय. औषधांचा कागद मिळाला, त्यात रात्रीची एक नवी गोळी आहे, कशासाठी ते उद्या विचारणार. लेखी तक्रार दिली, पोच घेतली.

टाचेवरही लाली होती. बोटाने दाबून सोडली. पांढरी झाली.

जुनी_खोड
ट्यूब घेतली का?